उसने सिनेटर

ईस्टर्न ॲव्हेन्यू, वॉशिंग्टन
रविवार, १२ मार्च २०१७

श्रीमती कोरीन अडेल मॅब्री यांस,

सप्रेम नमस्कार. तुझी खुशाली विचारण्याची सोय राहिलेली नाही, त्यामुळे ते वाक्य गाळून पुढे जातो. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब आटोक्यात आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. उतरताना त्याची काही तक्रार नसते.

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी तुला पूर्ण नावाने कधी हाक मारली नाही. गेल्या साडेचार महिन्यांत मात्र हे नाव इतक्या अर्जांवर लिहावे लागले, की लेखणी कागदाला टेकताच तेच उमटते. आजही तसेच झाले. त्यात परकेपणा मानू नये.

डेनीस दर रविवारी मेरीलँडमधल्या बोवीहून येते, मला गाडीत बसवून तुझ्या कबरीकडे नेते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत आणून सोडते. आपल्या मुलीला वेळेची शिस्त लागली ती पन्नाशी जवळ आल्यावर, पण लागली. दफनभूमी मेरीलँडमध्ये असावी हे तुला रुचले नसते; परंतु तुझ्या वडिलांनी कुटुंबासाठी जागा तिथेच घेऊन ठेवली होती, आणि आईशेजारी पडायचे असे तूच सांगितले होतेस. रस्त्यापलीकडच्या क्लीव्ह डॉसनने हा मुद्दा दफनाच्या दिवशीच काढला. खुर्च्या आवरल्या जात होत्या आणि तो माझ्या कानाशी येऊन नेहमीच्या थट्टेच्या हाकेने म्हणाला, "प्रोफेसर, चाळीस वर्षं बोलावत होतो तिला रस्त्याच्या आमच्या बाजूला. आली शेवटी. आता तिला दोन सिनेटर आहेत."

डेनीसने त्याच्याकडे असे पाहिले, की बस चालवण्यात आयुष्य गेलेला तो माणूसही दोन पावले मागे सरला. मला राग आला नाही. त्याला उत्तर देणे हे तुझे काम होते. मी त्याचे हातमोजे खुर्चीवर राहिले होते ते त्याला दिले.

आपल्या रस्त्याचे हे असेच आहे. आपल्या फाटकातून बाहेर पडून सत्तावीस पावले चालले की राजधानी संपते आणि मेरीलँड सुरू होते. क्लीव्हच्या अंगणातले झाड आणि आपल्या अंगणातले झाड एकाच आठवड्यात फुलते, कर दोघेही भरतो, पण त्याच्या वतीने सिनेटमध्ये दोन माणसे हात वर करतात आणि आपल्या वतीने कोणी नाही. खालच्या सभागृहात आपला एक प्रतिनिधी बसतो. त्याला बोलता येते, मत देता येत नाही. तू नागरिकशास्त्र शिकवायचीस तेव्हा आठवीतल्या एका मुलीने तुला विचारले होते, "मॅडम, म्हणजे तो वर्गात बसतो पण परीक्षेला नसतो का?" त्या रात्री तू जेवताना दोनदा ते सांगितलेस आणि दुसऱ्यांदा सांगताना हसली नाहीस.

निवृत्त झाल्यावर तू, शहराला राज्याचा दर्जा मागणाऱ्या राज्यत्व समितीची चिटणीस झालीस आणि तुझी ती पद्धत सुरू झाली. एखादे विधेयक आले की देशभरातले लोक आपापल्या सिनेटरला पत्र लिहीत. आपल्याला लिहायला कोणी नाही, म्हणून तू पत्र टाइप करून क्लीव्हच्या सहीसाठी रस्ता ओलांडायचीस. शेजारणीकडे वाटीभर साखर उसनी मागावी तसे सिनेटर उसने मागायचीस.

"बोल, मास्तरीणबाई," क्लीव्ह दारातूनच विचारायचा, "आज एक हवाय की दोन्ही?"

"दोन्ही. आणि सही वाचता येईल अशी कर. मागच्या वेळी त्यांनी उत्तर 'क्लोव्हर' नावाच्या बाईला पाठवलं."

तुझ्या त्या निळ्या वहीत असे एकशे बारा लोक होते: ओहायोतली मावसबहीण, जॉर्जियातला माझा भाऊ, दूरच्या राज्यांत गेलेले तुझे जुने विद्यार्थी. माझे नाव त्यात नव्हते, कारण माझ्याकडे उसने देण्यासारखे काही नव्हते. आणि बरोबर यायला मी तयार नसे. मी सरकारी नोकर होतो, राजकारणात पडणे मला शोभत नव्हते. तसे मी तुला सांगत असे, आणि निवृत्तीनंतरही सांगत राहिलो.

सरकारी छापखान्यात एकतीस वर्षे मी काँग्रेसच्या कामकाजाची मुद्रिते तपासली. या देशातल्या प्रत्येक सिनेटरचे बोलणे मी वाचले आहे. त्यांपैकी एकही माझा नव्हता. याचे मला विशेष काही वाटत नसे. नोव्हेंबर १९९३ मध्ये आपल्या शहराला राज्याचा दर्जा देण्याचे विधेयक सभागृहात पडले, बाजूने १५३, विरोधात २७७. तू प्रेक्षकांच्या सज्जात बसली होतीस, आणि त्याच चर्चेची मुद्रिते माझ्या टेबलावर आली. विरोधातल्या एका भाषणात स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो मी हलवला. घरी येऊन हे तुला सांगायला नको होते.

"म्हणजे तू त्याचं भाषण सुधारलंस," तू म्हणालीस.

"भाषण नाही. स्वल्पविराम."

"मॅब्रीसाहेब, त्यांनी आपल्याला नाही म्हटलं, आणि तुम्ही ते शुद्ध करून दिलंत."

तू मला 'साहेब' म्हणायचीस तेव्हा पुढचे दोन दिवस जेवण मुकाट्याने होत असे. तिसऱ्या दिवशी तू बाजाराची यादी लिहिलीस, मी सवयीने त्यात 'भेंडी'चे स्पेलिंग दुरुस्त केले, आणि तू माझ्या दुरुस्तीवर काट मारून तुझ्या मूळ शब्दाखाली टिंबांची ओळ काढून यादी फ्रिजवर लावलीस. ती आम्हा मुद्रितशोधकांची खूण आहे: खाली टिंबे दिली की दुरुस्ती रद्द, मूळ आहे तसे राहू द्यावे. माझीच खूण तू माझ्यावर वापरलीस. त्यानंतर घरात किती कागदांखाली ती टिंबे आली त्याची गणती नाही.

एक किरकोळ बाब. समितीच्या अर्नेस्टीन गेन्स यांचा फोन होता. चर्चच्या तळघरातल्या तुमच्या खोलीच्या किल्ल्या त्यांना हव्या आहेत. दुसरा जोड पाद्रीसाहेबांकडे आहे आणि प्रत्येक वेळी त्यांना उठवावे लागते. मी म्हणालो, किल्ल्या कुठेतरी असतील. माझ्यासारख्या माणसाच्या तोंडी 'कुठेतरी' हा शब्द त्यांना खटकला असावा, कारण त्यांनी तो मला परत म्हणून दाखवला.

किल्ल्या माझ्या करड्या कोटाच्या खिशात आहेत. थंडी सरत आल्याने तो कोट मी वापरत नाही.

तुझा,
अल्टन


मंगळवार, १८ एप्रिल २०१७

प्रिय कोरीन,

आज कर भरण्याचा शेवटचा दिवस. या दिवशी तू धनादेशाच्या खालच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या ओळीवर 'आवाज नसताना भरलेला कर' असे लिहायचीस, आणि बँकेच्या कागदावर असंबद्ध मजकूर लिहू नये असे मी दरवर्षी सांगत असे. यंदा विवरणपत्रावर आपली दोघांची नावे शेवटची एकत्र आली. त्या ओळीवर काही लिहावे की नाही यात माझा अर्धा तास गेला. ती रिकामी सोडली.

दुसरे असे की घर विकले.

हे मागच्या पत्रातच लिहायला हवे होते. करार फेब्रुवारीत झाला होता. घेणारे तरुण दांपत्य ओहायोचे आहे, दोघेही काँग्रेसमध्ये कुणा सदस्याच्या कार्यालयात काम करतात. स्वयंपाकघराच्या खिडकीचे त्यातल्या मुलीने कौतुक केले. मी सौजन्य म्हणून विचारले, की इथल्या मतदार यादीत नाव घालणार का. "छे हो, आजोबा," ती म्हणाली, "आमचं मत ओहायोतच ठेवलंय. तिथे ते मोजतात." ती वाईट मुलगी नाही. तिने खरे तेच सांगितले. मी तिला खिडकीचा खिळखिळा कडीकोयंडा दाखवला.

मी डेनीसकडे बोवीला जात आहे. तिच्या घरात तळमजल्यावर खोली आहे, जिना नाही. गुडघ्याचे कारण खरे आहे. पण मी १९७८ मध्येही हद्दीपलीकडे मेरीलँडमध्ये एक घर पाहून आलो होतो, आणि तेव्हा माझा गुडघा उत्तम होता. तू तेव्हा म्हणालीस, "जा की. मी इथे बसून तुझ्याकडून सिनेटर उसने मागत जाईन." तो विषय मी पुन्हा काढला नाही. मनातून गेला होता असे मात्र नाही. तेव्हापासून मी पलीकडच्या मतदानाच्या रांगेत उभा राहिलो असतो तर काय मिळाले असते, याचा हिशोब मी मनात करत असे, आणि तो तुला दाखवत नसे. आता जाता येते आहे आणि जाण्याची घाई वाटत नाही.

गेल्या शनिवारी डेनीस बांधाबांध करायला आली. चर्चला द्यायच्या कपड्यांचा ढीग करताना तिने करडा कोट हातात घेतला.

"बाबा, हा तर देऊन टाकू. कोपरं बघा याची."

"तो राहू दे."

"यात काहीतरी वाजतंय."

"डेनीस, तो राहू दे म्हटले ना."

मी आवाज चढवला नव्हता, पण तिने कोट खुर्चीवर ठेवला आणि शेजारच्या खोलीत जाऊन पुस्तके भरू लागली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "आईच्या वस्तू आहेत का खिशात?" मी हो म्हटले. तिने पुढे विचारले नाही. तिची ही सवय माझ्याकडून आली आहे, तुझ्याकडून नव्हे.

ती गेल्यावर मी खिशात हात घातला. आत खोलीच्या तीन किल्ल्या होत्या आणि तुझी मतपत्रिका होती.

आता ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहितो.

मंगळवार, २५ ऑक्टोबर. तुझा पलंग पुढच्या खोलीत होता. सकाळी तुला बरे वाटत होते. तू उशांना टेकून बसलीस, चष्मा मागितलास आणि घरी आलेली मतपत्रिका भरलीस. शेवटच्या प्रश्नापाशी थांबलीस. शहराने राज्याच्या दर्जासाठी काँग्रेसकडे अर्ज करावा का, हो की नाही. तो भाग तू मोठ्याने वाचलास.

"छत्तीस वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं, तेव्हा हो म्हटलं. पुन्हा विचारतायत, पुन्हा हो," तू म्हणालीस. "पोरांनासुद्धा मी दोनदाच विचारायची."

"हे सल्लादाखल मत आहे," मी म्हणालो. "काँग्रेसवर बंधनकारक नाही."

"लग्नाला हो म्हटलंस तेव्हा बंधनकारक आहे का ते विचारलं होतंस?"

तू पाकीट बंद केलेस, वर सही केलीस, शेजारी तारीख घातलीस. मला दोन कामे सांगितलीस: पाकीट आजच टपालपेटीत टाकायचे, कुणाच्या हाती द्यायचे नाही, आणि समितीच्या खोलीतून निळी वही आणायची. मी पाकीट आणि किल्ल्या एकाच खिशात ठेवल्या.

टपालपेटीशी उभा राहून मी पाकीट वाचले. छापलेले वा लिहिलेले काहीही न वाचता हातावेगळे करणे मला कधी जमलेले नाही. सही तुझीच होती, जरा उतरती. तारीख होती २५ नोव्हेंबर २०१६.

मतदान ८ नोव्हेंबरला होते. जो दिवस अजून उगवला नव्हता, आणि उगवेल तेव्हा मतमोजणी संपलेली असेल, त्या दिवसाची तारीख सहीशेजारी होती. मी तिथे किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. मला वाटले, हे असे पाठवले तर कुणीतरी बोट ठेवील, पाकीट बाजूला पडेल, आणि बरोबर हेच एक पाकीट बाजूला पडायला नको. मी परस्पर दुरुस्त करणे गैर होते. दुरुस्ती जिची तिनेच करायची आणि शेजारी आद्याक्षरे घालायची. घरी जाऊन तुझ्याकडून तेवढे करून घ्यावे आणि संध्याकाळी टाकावे असे मी ठरवले. मग खोलीत जाऊन वही घेतली. घरी आलो तेव्हा तुला औषधाने झोप लागली होती.

संध्याकाळी तू उठली नाहीस. बुधवारी सकाळीही नाही. परिचारिका म्हणाली, आता असेच चालेल. बुधवारी दुपारी तू एकदा डोळे उघडलेस. मी वही घेऊन शेजारी बसलो होतो; कोट अंगात होता, पाकीट खिशात, लेखणी हातात.

"टाकलंस?" तू विचारलेस.

मी "हो" म्हणालो.

तू "बरं" म्हणालीस आणि कूस बदललीस. गुरुवारी पहाटे तू गेलीस.

मी तुला खोटे का सांगितले याचा विचार मी पुष्कळ केला आहे. तुला उठवून, हातात लेखणी देऊन, तुझी चूक दाखवणे त्या क्षणी मला जमले नाही, इतकेच म्हणता येईल. उभ्या आयुष्यात दुसऱ्याची चूक दाखवताना मी थबकलो तो हा एकच प्रसंग.

तू गेल्यावर पाकीट टाकणे मला योग्य वाटले नाही. मृत व्यक्तीचे मत जिवंत माणसाने पेटीत टाकू नये. ८ नोव्हेंबरला मी रांगेत उभा राहिलो आणि त्या प्रश्नापुढे 'हो' असे मत दिले. ते माझे मत होते. ते तुझ्या नावे धरता येणार नाही. निकालात दर सात जणांपैकी सहांनी हो म्हटले. तुझ्या एका मताने फरक पडला नसता असे जो तो मला सांगेल, म्हणून मी कुणाला विचारलेले नाही. २५ नोव्हेंबर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आला. डेनीसने उरलेल्या टर्कीचे सँडविच माझ्यापुढे ठेवले. मी ते संपवले.

तारीख दुरुस्त करता आली असती. तुला म्हटलेल्या त्या 'हो'ची दुरुस्ती कशी करावी हे मला ठाऊक नाही.

तुझा,
अल्टन


बुधवार, ३१ मे २०१७

प्रिय कोरीन,

घराचा ताबा आज सकाळी दिला. दलालाने सही घेताना विचारले, काही राहिले का. मी नाही म्हणालो. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज दिला आहे. फ्रिजवरचे सर्व कागद मी सोबत घेतले.

क्लीव्ह रस्ता ओलांडून निरोप द्यायला आला. त्याला आता काठी लागते, पण काठी तो बसच्या दांडीसारखी धरतो.

"शेवटी निघालास तर, प्रोफेसर. एक सांगून ठेवतो, आता माझ्या सिनेटरांना हात लावायचा नाही. तुझे तू वापर."

"तेच दोघे आहेत, क्लीव्ह. एका राज्याचे दोनच असतात."

"तेच?" त्याने काठी टेकली. "म्हणजे निम्मे तुझे झाले. मास्तरीणबाईनं कधी निम्मे मागितले नाहीत."

मग तो तुझ्या गुलाबाच्या झाडाकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "आता माझं दार कोण वाजवणार रे." मी त्याला बोवीचा फोन क्रमांक लिहून दिला, मोठ्या अक्षरांत.

तिथून मी चर्चमध्ये गेलो. अर्नेस्टीनबाई तळघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर कागदी पिशवीत तळलेला मासा होता. त्यातला अर्धा त्यांनी मला न विचारता रुमालावर काढून दिला.

"किल्ल्या सापडल्या म्हणायच्या."

"हरवल्या नव्हत्या."

"ते मला मार्चपासून माहीत आहे."

दार मी उघडले. खोली आहे तशीच आहे. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही; तिच्यावर पत्रकांचे गठ्ठे ठेवतात, त्यामुळे बसायचा प्रश्न येत नाही. मी पाकीट टेबलावर ठेवले, आणि तुला मागच्या पत्रात लिहिले ते सर्व त्यांना सांगितले, त्याच क्रमाने. मासा गार झाला. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातले नाही, यावरून त्यांनी ते किती गांभीर्याने घेतले ते तुझ्या लक्षात येईल.

शेवटी त्यांनी चष्मा लावून पाकीट उजेडाला धरले आणि हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"पंचवीस नोव्हेंबर. अहो, हिनं आयुष्यात तारीख कधी बरोबर लिहिली होती? बावीस वर्षं हिच्या इतिवृत्तांतल्या तारखा मी खोडत आले. एकदा हिनं तीस फेब्रुवारीला सभा ठेवली होती. दोघांनी येतो म्हणून कळवलंसुद्धा."

"मला हे माहीत नव्हते," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही कधी सभेला आलात?"

मी विचारले, "अशी तारीख चालली असती का?"

"तीस वर्षं मतदान केंद्रावर बसते मी, मिस्टर मॅब्री. पाकिटं तपासायलाही बसले आहे. माझी नजर सहीवर असते. तारीख चुकली म्हणून बाजूला टाकलेलं एकही पाकीट मला आठवत नाही."

"म्हणजे तेव्हाच टाकले असते तर चालले असते."

"मला विचाराल तर, चाललं असतं."

त्यांनी ते सौम्य करून सांगितले नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पुढे मात्र त्यांचा आवाज बदलला.

"तुम्ही मला एक फोन करायचा होतात. मी आले असते, तिला उठवून बसवलं असतं, तारीख सुधारून घेतली असती. दहा मिनिटांचं काम. पण तुम्ही मला फोन करायचा म्हणजे आमच्यात यायचं, नाही का? आणि आमच्यात तुम्ही कधी आला नाहीत. ती पावसात रस्ता ओलांडायची आणि तुम्ही खिडकीत उभे. मी पाहिलंय तुम्हाला."

"मी सरकारी नोकर होतो."

"होतात."

त्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा ती काय म्हणाली?"

"बरं, म्हणाली."

"आणि झोपली?"

"हो."

"हे अजून कुणाला सांगितलंत?"

"तिला. पत्राने."

त्या हसल्या नाहीत. "उत्तर आलं तर मला कळवा," एवढेच म्हणाल्या.

पाकिटाचे काय करायचे यावर आमचे थोडे मतभेद झाले. त्यांचे म्हणणे, उघडावे. आत काय आहे ते दोघांनाही माहीत आहे. माझे म्हणणे, ती बंद मतपत्रिका आहे आणि बंदच राहिली पाहिजे. "मग निदान तारीख तरी दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "जन्मभर तेच केलंत ना? तशीच्या तशी कपाटात ठेवायची म्हटलं तर पुढे कुणीतरी म्हणेल, चिटणीसबाईंना महिना कळत नव्हता."

मी पेन्सिल घेतली. 'नोव्हेंबर' या शब्दावर ती काही काळ धरली. मग शब्दाखाली टिंबांची एक ओळ दिली.

"हे काय?"

"राहू द्यावे, असा त्याचा अर्थ होतो."

त्यांनी पाकीट माझ्या हातून घेतले आणि कपाटात २०१६ च्या अर्जांवर ठेवले. त्यांनी ते पालथे ठेवले होते. मी ते सहीची बाजू वर येईल असे फिरवले.

निळी वही मी सोबत नेली होती, कारण ऑक्टोबरपासून ती आपल्या घरीच होती. ती त्यांच्यापुढे ठेवण्याआधी मी मेरीलँडचे पान काढले. वर क्लीव्हचे नाव आहे, खाली सहा नावे. त्यांतल्या दोघांच्या पुढे तू फुली केली आहेस. त्यांच्याखाली मी माझे पूर्ण नाव आणि बोवीचा पत्ता लिहिला. अक्षर नेहमीसारखे आले नाही.

अर्नेस्टीनबाईंनी वही आपल्याकडे ओढून वाचले.

"तुम्ही सरकारी नोकर ना?"

"निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली."

"आमच्यापर्यंत बातमी आजच पोचली."

त्यांनी खण उघडून एक टाइप केलेले पत्र काढले, मेरीलँडच्या सिनेटरच्या नावे. विषय तोच, ज्यासाठी तू चाळीस वेळा रस्ता ओलांडलास. "मग यावर सही करा. आत्ता. उद्यावर टाकायची तुमची सवय मी ऐकून आहे."

मी पत्र वाचले. दुसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो मी हलवला. या वेळी तो आपल्या बाजूच्या मजकुरातला होता, याची तू नोंद घ्यावीस. सही करायला लेखणी टेकवली आणि थांबलो.

"आता काय?"

"मी मेरीलँडचा रहिवासी उद्यापासून होणार. आज रात्रीपर्यंत मी या शहराचाच आहे. आजच्या तारखेने मी हे लिहू शकत नाही."

अर्नेस्टीनबाईंनी तोंडावर हात ठेवला. काही क्षण त्या रागावल्या आहेत की काय हे मला समजले नाही. मग त्या म्हणाल्या, "तर मग उद्याची तारीख घाला, मिस्टर मॅब्री. तिच्याकडून एवढं तरी शिका."

मी सही केली आणि शेजारी १ जून २०१७ असे लिहिले. जो दिवस अजून उगवलेला नाही, त्याची तारीख मी हयातीत प्रथमच घातली. पत्राचे पाकीट मी स्वतः बंद केले. चर्चच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभा राहून ते पुन्हा वाचले नाही. टाकले.

हे तुला कळवावे म्हणून लिहिले. टाकले आहे.

डेनीस गाडी घेऊन आली आहे. हे पत्र मी गाडीच्या मागच्या सीटवर बसून पुरे करत आहे, त्यामुळे ओळी वाकड्या आल्या असतील. त्या तशाच राहू दिल्या आहेत. रविवारी येईन. तुझ्या आणि माझ्यामध्ये आता हद्द नाही. तू इतकी वर्षे जी मधली रेघ पुसू पाहत होतीस, ती मी नुसती ओलांडली. हे त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, याची मला जाणीव आहे.

तुझा,
अल्टन जेम्स मॅब्री
मतदार, उद्यापासून मेरीलँड

ता. क. खोलीतून निघताना दिवा मी मालवला. दरवाजाला कुलूप लावले, ओढून पाहिले. तिन्ही किल्ल्या अर्नेस्टीनबाईंना परत केल्या.